रिकाम्या ऐरणीवरचा घाव

अल्लीपूरला आमच्या शेजारचे लोहारकाका रोज सकाळी रिकाम्या ऐरणीवर हातोड्याचा एक घाव घालत. गावामागच्या टेकडीवर जुन्या भट्ट्यांची काळी मळी पडलेली होती. तिथे पूर्वी लोखंड गाळणारे वाडवडील या आवाजाने कामाला उठतात, असं ते मानत.

"त्याहिले उठवल्याबिगर लोखंड वळत नाई," ते म्हणत. मी हसलो की म्हणत, "हास लेका! तुह्या घरच्या विळ्याले धार कुठून येते मंग?"

एकदा आई तापाने रात्रभर तळमळली. उजाडताना तिचा डोळा लागला, आणि काका हातोडा उचलताना दिसले. मी धावत जाऊन सांगितलं.

त्यांनी हातोडा खाली ठेवला. लेकराला थोपटावं तशी ऐरण थोपटली.

"आज झोपूनच राहा, बाप्पा," ते टेकडीकडे पाहत पुटपुटले, "वहिनीले आत्ताच झोप लागली."