जिनिंगमधली केबल

वायर जळाल्याचा वास आला की मला कारंज्याची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, आठवते. तिथे मी सीसीटीव्ही बसवायला गेलो होतो, आणि कॅमेऱ्यांना नेटवर्कच्या केबलमधूनच वीज द्यायची होती. मालकाने आणलेली केबल मी ब्लेडने खरवडली, तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं ॲल्युमिनियम निघालं. खाली हवेत रुई उडत होती आणि त्या रुईत माझी माय रोजाने कामाला होती. "शेठ, ही तापते. मी नाही लावणार." "चार बुकं शिकला तं मलेच शिकवून राह्यला का बे? तू नाही लावशीन तं दुसरा लावीन." दुसऱ्याने लावलीच. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. मायला काम सोड म्हटलं, तर ती हसली. "तुह्या वायरीनं कापूस कायले जळते?" ती अजून तिथेच जाते, आणि दुपारी अनोळखी नंबरचा फोन आला की उचलण्याआधी मी जिनिंगच्या बाजूला धूर आहे का ते बघतो.