पिकअपमधला गारवा

बाबांना गाडीत बसवलं की मी चारही काचा वर करायचो आणि मग आम्ही दोघं आत कोंडलेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांच्या छातीत आता धूळ म्हणून जाता कामा नये. बाबांनी बावीस वर्षं खाणीवर ट्रक चालवला होता, जायची ती धूळ तेव्हाच जाऊन बसली होती. पण डॉक्टरांशी कोण वाद घालणार! दर पंधरवड्याला आमोण्याहून म्हापशाच्या इस्पितळात नेऊन आणायचं काम माझ्याकडे आलं. घरात गाडी चालवणारं दुसरं कुणी नव्हतंच.

गाडी जुनी, डबल कॅबिनची पिकअप, खाणीच्या एका कंत्राटदाराने काढून टाकलेली. एसी आहे एवढ्याच कारणाने आम्ही ती घेतली आणि नेमका एसीच धड नव्हता. रस्ता मोकळा असला की बरा गार वारा यायचा. डिचोलीच्या अलीकडे खनिजाच्या ट्रकांच्या रांगेत अडकलो, की दहा मिनिटांत तोच वारा कोमट. पुढे ट्रक, मागे ट्रक, काचांवर लाल भुकटी. काच खाली करावी तर बाबांना खोकल्याची उबळ, न करावी तर घुसमट. ते दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकवून पुढे वाकून बसत आणि त्यांच्या श्वासाची शिट्टी पंख्याच्या आवाजातूनही ऐकू येई. मी हॉर्न वाजवत राही. सगळेच वाजवत होते, त्यामुळे माझा कुणाला ऐकू जायचा प्रश्नच नव्हता.

एप्रिलमधल्या एका फेरीत रांग तासभर हलली नाही आणि बाबांचे ओठ निळसर दिसायला लागले. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी समोरच्या ट्रकवाल्याला शिव्या घातल्या. माझं नेहमी असंच होतं. भीती वाटली की माझं तोंड सुटतं.

डिचोलीतला मेकॅनिक बेळगावकडचा, हाताने चांगला. त्याने बॉनेट उघडून मीटर लावले आणि सांगितलं, "गॅस कमी झालाय बघा मालक." गॅस भरला. दोन दिवस बरं वाटलं, की मीच बरं वाटून घेतलं, कोण जाणे. पुन्हा गेलो, पुन्हा गॅस. तिसऱ्या वेळी इस्पितळातून परतताना बाबांना घेऊनच गेलो. तो कॉम्प्रेसर बदलू म्हणायला लागला आणि माझं डोकं सटकलं. पळताना गार असतं आणि थांबलं की गरम होतं, एवढं मला कळतं, तुला कळत नाही का, असं मी चारचौघांत ओरडलो.

बाबा स्टुलावर बसून ऐकत होते. त्यांना बोलायला श्वास पुरत नसे, म्हणून त्यांच्या वतीने मीच बोलायची मला सवय लागली होती. डॉक्टरांशी मी, मेकॅनिकशीही मी. त्यांनाही काही विचारावं लागतं हे मी विसरूनच गेलो होतो.

"गॅस न्हय रे तो," बाबा म्हणाले. मग थांबले, दोन श्वास घेतले. "फुडल्यान उदक मार. मागीर पळय."

पुढून पाणी मारून बघ, म्हणत होते. मेकॅनिकने इंजिन चालू ठेवलं आणि पुढच्या ग्रिलवर पाण्याची बादली ओतली. मग दुसरी. मी आत एसीच्या झरोक्यासमोर हात धरून बसलो होतो. बघता बघता वारा गार झाला, हाताला झोंबेल इतका.

"गॅस हाय की भरपूर," मेकॅनिक ओशाळून म्हणाला. "कंडेन्सरला वाराच मिळंना झालाय."

ग्रिल काढली. मागे, कंडेन्सरच्या, म्हणजे एसीची गरमी बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, अगदी पुढ्यात, बारीक नायलॉनची जाळी चारही कोपऱ्यांना तारेने आवळून बांधलेली होती. लाल माती बसून बसून ती सारवलेल्या भिंतीसारखी झाली होती. खाणीवरचे ड्रायव्हर रेडिएटर मातीने भरू नये म्हणून अशी जाळी बांधत आणि रोज संध्याकाळी सोडून धूत. शहरातल्या गाड्यांवर हात बसलेल्या मेकॅनिकला ती असेल असं सुचणार कसं? पळताना निदान कडांमधून थोडा वारा आत शिरे, थांबलं की तोही नाही.

"ही कुणी बांधली?" त्याने विचारलं.

"हांवेंच," बाबा म्हणाले.

गाडी घरी आली त्याच दिवशी त्यांनीच बांधली होती, हाताच्या सवयीने. पुढे त्यांचं दुखणं वाढलं आणि जाळी धुवायची राहून गेली.

"मग आदीं कित्याक सांगलें ना, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तूं बोवाळ घालतलो म्हूण."

मी आरडाओरडा करीन म्हणून! मला तिथेच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. त्या भट्टीत ते महिनोन् महिने बसले, ओठ निळे होईपर्यंत बसले, कारण भट्टीपेक्षा त्यांना माझी भीती जास्त होती.

जाळी फेकली, कंडेन्सर पाण्याने धुऊन काढला. परतताना रांग नेहमीसारखीच होती. गाडी थांबली तरी वारा गार राहिला आणि बाबा मागे टेकून बसले. घरी पोचल्यावर मी उतरायला दार उघडणार, तोच ते हळूच म्हणाले, "मात्सो बसूं?"

आणखी थोडा वेळ बसायची परवानगी मागत होते. मी म्हटलं, बसा, आणि इंजिन चालूच ठेवलं.

आमचं घर रस्त्याला लागून. खिडक्या कितीही लावल्या तरी ट्रक गेला की घरात धूळ येतेच. इथे गाडीत त्यांच्या श्वासाची शिट्टी जवळजवळ थांबली होती. बायको दारात येऊन काय झालं म्हणून विचारायला लागली, मी तिला हातानेच थांबवलं. अर्धा तास झाला असेल. मला उतरायचं होतं, पाठ अवघडली होती, चार कामं पडली होती.

"बंद कर आतां," बाबा म्हणाले. "तुका कामां आसतलीं."

मी चावीला हात लावला, पण गाडी बंद केली नाही.