गल्लीचे अर्थमंत्री आणि साखरेचं पोतं

आमचे सासरे देहूरोडच्या लष्करी डेपोतून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि घरी बसून देश चालवू लागले. पेन्शन तुटपुंजी, पण रुबाब अर्थमंत्र्याचा. दरवर्षी बजेट जवळ आलं की चिंचवडातली आमची अख्खी गल्ली ओट्यावर जमायची आणि यंदा काय महागणार ते विचारायची. सासरे चष्मा पुसत, पेपर चाळत आणि म्हणत, काड्यापेट्या. झालं! संध्याकाळपर्यंत दुकानात काडी उरायची नाही. वाणीही इरसाल, आधी ओट्यावर येऊन कानोसा घ्यायचा आणि माल माळ्यावर चढवायचा.

दोन-तीनदा अंदाज बरोबर आला, तेवढ्यावर म्हातारा हवेत. मी चहा ठेवता ठेवता मनात म्हणायची, स्वतःच्या धोतराचा सोगा सावरत नाही आणि निघालेत देशाला शहाणं करायला.

त्या वर्षी शेजारची विधवा बाई सल्ल्याला आली. दोन म्हशींच्या दुधावर तिचं घर चालायचं. वैशाखात मुलीचं लग्न. नवरामुलगा पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागलेला, म्हणून त्याच्या बापाचं नाक वर. मुलाला लोकरीचा कोट आणि मानाची लुगडी, नाहीतर लग्न मोडलं समजा. बाईनं कापडापुरते पैसे साठवले होते. सासरे म्हणाले, कापड कुठं पळून जातंय, यंदा साखर कडाडणार, ती आधी धरा. तिनं ते पैसे घालून पोतं घेतलं.

बजेटच्या संध्याकाळी सगळे वाण्याच्या रेडिओभोवती बसलो. साखरेचं नावही निघालं नाही. कर बसला कापडावर! पोतं परत घ्यायला मेला वाणी तयार झाला, पण निम्म्या भावानं. बाई उठून म्हशींना वैरण घालायला गेली. मला तेच फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी ट्रंक उघडली. डेपोच्या लिलावातलं खाकी लोकरीचं कापड त्यांनी स्वतःच्या ओव्हरकोटासाठी जपलं होतं. माणूस दमेकरी. हिवाळ्यात काय घालाल, मी विचारलं. ऐकतायत कुठले! कापड काखेत मारून बाईच्या होणाऱ्या व्याह्याच्या दारात गेले. मलाही नेलं, बाईमाणसासमोर तो कमी ओरडेल म्हणून.

"चूक माझी आहे," ते हात जोडून म्हणाले. "मुलीच्या आईला बोल लावू नका."

मला त्यांचा इतका राग होता, पण ते जोडलेले हात बघवेनात. व्याह्यानं कापड चिमटीत धरून पाहिलं, सुपारी चघळली आणि लुगड्यांचा विषय सोडून पंगतीला साखर तरी आहे ना, असं विचारलं.

लग्न लागलं. खाकी कोटातल्या नवऱ्याला अर्धं वऱ्हाड हवालदार समजलं. जिलेबी एवढी झाली की व्याही दोन दिवस पोट धरून होता.

पुढचा सगळा हिवाळा सासरे जुनी घोंगडी पांघरून खोकले. बजेट आलं तेव्हा ओट्यावर चिटपाखरू नव्हतं. गल्ली हसायची, आणि सासरेही ओट्याकडे पाठ करून आत बसायचे. एका सकाळी ती बाई दूध घालायला आली आणि तिथंच उभी राहिली.

"आण्णा, यंदा काय घिऊ?"

"अजून मलाच विचारता?"

"चुकलं तर तुमीच संगं येता की. दुसरं कोन येतंय?"

सासऱ्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत बसले. मग घसा खाकरून म्हणाले, "काड्यापेट्या घ्या. पण दोनच."