निळे हातमोजे आणि भोकांचा गॉगल

मिरचीच्या प्रयोगशाळेसाठी हातमोजे मी रंग बघून निवडले.

यात कुणाचा दबाव नव्हता, घाई नव्हती, दुकानदारानंही फसवलं नव्हतं. मोबाइलवर चार प्रकारचे मोजे दिसत होते. पांढरे, पिवळे, जाड काळे आणि निळे. निळे मोजे घातलेला एक देखणा माणूस काचेचं भांडं हातात धरून हसत होता. मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. मला वाटलं, आपणही असे दिसू. दिले मागवून.

ही निवृत्तीनंतरची गोष्ट. शहाद्याकडच्या कॉलेजातून मोकळा झालो आणि रनाळ्याला घरी बसून बायकोच्या स्वयंपाकातल्या रासायनिक चुका काढायला लागलो. भाजीत सोडा किती, लोणच्यात आम्ल किती. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "आते कोठे तरी नोकरी करा. मन्हं डोकं फिरी ऱ्हायनं." आणि तिनंच फोन लावून दिला.

फोन माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला होता. नंदुरबारच्या बाहेर त्याची मिरचीची पथारी. म्हणजे ओली लाल मिरची पसरून वाळवायचं मोकळं रान. लांबून बघितलं तर जमिनीला कुणी रंग दिलाय असं वाटतं आणि जवळ गेलं तर शिंक येते. हा विद्यार्थी माझ्या प्रॅक्टिकलच्या परीक्षेत काठावर पास झाला होता. आता तो शेठ होता. त्यानं मला आदरापोटी बोलावलं की सूड म्हणून, हे मी अजून विचारलेलं नाही.

"सर, गुजरातनी पार्टीले रिपोर्ट पाहिजे," तो म्हणाला. "मिरचीना रंग किती, ओल किती, बठ्ठं कागदवर. खोली शे, मशीन शे, फक्त माणूस नही. हातमोजा, एप्रन, गॉगल, ते बी तुम्हीच निवडा. आम्हले त्यान्हामा काय समजस?"

मला समजतं असं त्यानं गृहीत धरलं. मीही धरलं. खरी गोष्ट अशी की कॉलेजात मी आयुष्यात हातमोजा घातला नव्हता. एकच एप्रन, तोही निवृत्तीपर्यंत पुढून चाळणीसारखा झालेला. आम्लाचं एकेक भोक मी शौर्यपदकासारखं मिरवत असे. मुलींनी ओढणी कुठं बांधावी हे सांगणारा आणि स्वतः पिपेटनं आम्ल तोंडानं ओढणारा, असा मी होतो.

खोलीत माझ्या हाताखाली एक ताई होत्या. अक्कलकुव्याच्या पलीकडच्या डोंगरातल्या. चार हंगाम पथारीवर मिरचीचे देठ खुडले, हात चपळ आणि नजर पक्की म्हणून शेठनं त्यांना आत घेतलं. घरी भिली, शेठशी अहिराणी आणि माझ्याशी मुलीच्या पुस्तकातली मराठी, असं त्यांचं तीन खिशांचं बोलणं होतं. हंगाम संपला की नवरा-बायको सुरतेकडं बांधकामावर जायचे, पोरीलाही सोबत न्यावं लागायचं आणि तिची परीक्षा दरवर्षी बुडायची. या वर्षी शेठनं शब्द दिला होता. होळीच्या आधी पार्टीकडून तपासणीला कुणी येईल. प्रयोगशाळा पास झाली तर ती बारा महिने चालेल आणि ताईही बारा महिने. नापास झाली तर हंगामानंतर खोलीला कुलूप.

म्हणजे माझ्यासाठी तो मानाचा प्रश्न होता. त्यांच्यासाठी मुलीच्या शाळेचा. हे मला माहीत होतं. तरीही मी मोजे रंग बघून घेतले.

ताई पहिल्या दिवशी आल्या त्या पथारीच्या पोशाखात. साडीवरून नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा सुती शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, मनगटाशी चिंधीनं बांधलेल्या बाह्या, डोक्यातोंडाला सुती फडकं. पायात रबरी चपला.

"ताई, हे बाहेर ठीक आहे," मी म्हणालो. "ही प्रयोगशाळा आहे." आणि मी निवडलेला एप्रन त्यांच्या हातात दिला. पांढरा, चकाकता, टेरिकॉटचा. इस्त्री लागत नाही म्हणून निवडलेला. दोघांना एकाच मापाचा मागवला होता. माप माझं.

त्यांनी घातला. हात बाहीत कुठं तरी राहिले.

"सर, याच्यात अजून एक बाई मावंल."

"बाह्या दुमडा."

"दुमडल्या का घडीत खकाणा भरतो. संध्याकाळी घडी सोडली का सगळा तोंडावर."

"मग झटकायचा."

"याला चिकटतो सर. सुती असलं का झटकून पडतो."

यावर मी त्यांना टेरिकॉटवर घर्षणानं विद्युतभार कसा साठतो आणि मिरचीचा बारीक खकाणा त्याला कसा चिकटतो हे दहा मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. त्या म्हणाल्या तेच मी सिद्ध करून दाखवतोय हे ध्यानात आल्यावर मी विषय बदलला आणि चपलांवर आलो.

चपलांच्या बाबतीत मात्र मी बरोबर होतो, एवढं इथं नोंदवून ठेवतो. भांडं फुटलं, रसायन सांडलं तर उघडा पाय पहिला सापडतो. मी बंद बूट मागवले होते. ताईंना ते काचायचे. त्या ते दाराशी ठेवायच्या आणि शेठची गाडी वाजली की घालायच्या.

गॉगलची निवड तर मी अभ्यास करून केली. दोन प्रकार होते, एक चारी बाजूंनी बंद, दुसरा कडेला भोकं असलेला. आमच्या खोलीत पंखा लावायची सोय नाही. पंखा लावला की मिरचीची पूड थेट नाकात. अशा उकाड्यात बंद गॉगल म्हणजे शिक्षा. हवा खेळती राहावी म्हणून मी भोकांचा घेतला. भोकातून हवा येते तशी पूडही येते आणि आत आलेली पूड मुक्कामाला राहते, हा विचार काही डोक्यात आला नाही. शिवाय तो माझ्या चष्म्यावर बसेना. त्यामुळं मी स्वतःला गॉगलमधून सूट दिली. मास्तर होतो, सूट देण्याची सवय होती.

मोज्यांच्या खोक्यात एक पातळ कागद निघाला, बारीक अक्षरांनी भरलेला. त्याच दिवशी वजनकाट्याचं टेबल हलत होतं. मी कागदाची चार वेळा घडी घातली आणि टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल बरोब्बर बसलं. शेठ म्हणाला, "सर, तुमनं डोकं भारी शे!" मीही नाही म्हणालो नाही.

तपासणीला आलेल्या मॅडम माझ्या शेवटच्या बॅचच्या वयाच्या होत्या. माहेर नवापूरकडचं, त्यामुळं मराठी स्वच्छ. हातात फॉर्म, चेहऱ्यावर काही नाही. मी आदल्या रात्री आरशासमोर उभं राहून बघितलं होतं. चष्म्यात माणूस कारकून दिसतो. म्हणून त्या दिवशी चष्मा काढून गॉगल चढवला. निळे मोजे, पांढरा एप्रन. मोबाइलमधला देखणा माणूस साधारण असाच दिसत होता, असं मला अंधुक अंधुक वाटलं.

मिरचीचा रंग मोजायचा तर पूड अ‍ॅसिटोनमध्ये भिजत घालतात, नखांचा रंग पुसायला बायका जे वापरतात तेच ते द्रव्य. रंग त्यात उतरतो आणि तिखटही उतरतं. ते लालभडक पाणी मी गाळत होतो आणि सुरक्षेचं महत्त्व मॅडमना समजावत होतो. बोटांना गार लागलं. मग बरं वाटलं. मग जरा चिकट लागलं.

कोपऱ्यातून ताई म्हणाल्या, "सर, हात बघा."

मी बघितला. बिनचष्म्याचं निळं दिसलं. निळं होतं म्हणजे मोजा होता. "प्रात्यक्षिक चालू असताना मध्ये बोलू नये," मी म्हणालो.

पुढं काय झालं ते क्रमानं सांगतो, कारण मला ते क्रमानंच जाणवलं. आधी दोन बोटं पेटली. मग गॉगलच्या भोकातून आत आलेल्या पुडीनं उजवा डोळा चुरचुरला. मग मी, ज्यानं एकतीस वर्षं वर्गात ओरडून सांगितलं की प्रयोगशाळेत डोळ्याला हात लावू नका, त्यानं गॉगल उचलून तीच दोन बोटं डोळ्यात घातली.

मी काय ओरडलो ते आठवत नाही. शेठ सांगतो, पथारीवरच्या बायका काम सोडून उठल्या.

"डोयाले लागनं का, सर?" शेठ दारातून.

"नाही, करमणूक म्हणून ओरडतोय!"

ताईंनी माझं मनगट धरलं. "चोळू नका. हात खाली. खाली म्हटलं ना!" मोजा बोटांवर गोंदासारखा बसला होता, त्यांनी तो कात्रीनं कापून काढला, मला बादलीवर वाकवलं आणि माठातलं पाणी पेल्यानं डोळ्यावर सोडत राहिल्या. मी त्याही अवस्थेत म्हणालो, "डोळे धुवायची खास बाटली मागवलीय." ती होती. पूड बसू नये म्हणून मीच कपाटात कुलूपबंद ठेवली होती. किल्ली माझ्या पँटच्या खिशात, खिसा एप्रनच्या आत आणि मला कुठंही हात लावायची बंदी.

डोळ्यावर ओलं फडकं धरून मी स्टुलावर बसलो. दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. अर्धवट राहिलेलं गाळायचं काम पुरं करायला ताईंनी खुंटीवरचा आपला सुती शर्ट काढून घातला, बटणं लावली, हे सळसळीवरून कळलं. मग रबराचा ताणून सोडल्यासारखा आवाज आला.

"हे मोजे कुठले?" मॅडम.

"अक्कलकुव्याच्या बाजारातले. भांडी घासायचे पिवळे."

"हेच का घातले?"

"दोन्हीचा एक एक तुकडा रात्रभर याच पाण्यात ठेवला होता. निळा सकाळी चिकट झाला. पिवळा होता तसाच होता."

मॅडम म्हणाल्या, "सरांना सांगितलं नाही?"

"सांगायला गेले. सर म्हटले, तोंडी नको, नोंदवहीत लिहा. मी लिहिलं."

पानं उलटल्याचा आवाज आला. मॅडमनी मोठ्यानं वाचलं, "निळा मोजा चिकट होतो. पिवळा होत नाही. निळा घालू नये." मग थांबून, "याच्याखाली सही आहे. कुणाची?"

आता हे सांगायला हवं. मी आयुष्यभर मुलांची जर्नल्स गठ्ठ्यानं सह्या करून परत केली. उजव्या हातानं सही, डाव्या हातानं चहा. ताईंची वहीही मी तशीच रोज सही करून परत देत होतो. आणि त्या क्षणी माझ्या जिभेवर एक वाक्य अगदी तयार होतं. 'हे त्यांनी सहीनंतर लिहिलं असेल.' शेठनं माझ्यावर विश्वास ठेवला असता. सरच ते. दोष ताईंवर गेला असता आणि होळीनंतर त्या सुरतेच्या गाडीत असत्या, पोरीला घेऊन. डोळा एवढा पेटला होता की ते वाक्य जुळवायला जमेना. माझ्या प्रामाणिकपणात मिरचीचा वाटा किती, हे मी अजून मोजलेलं नाही.

"माझी," मी म्हणालो. "न वाचता केलेली."

शेठ हळूच म्हणाला, "मन्हा जर्नलवर बी अशीच करेल व्हई."

मॅडमनी टेबल तपासलं, पायाखालचा कागद काढला, उलगडला. त्यात हे मोजे कोणत्या रसायनाला चालतात याचा तक्ता होता आणि अ‍ॅसिटोनसमोर लाल फुली होती. टेबल पुन्हा हलायला लागलं. शेठ त्या दिवशी मॅडमच्या गाडीतून आला होता, त्यामुळं ताईंचे बूट दाराशीच राहिले होते. मग मॅडमनी ताईंचे पाय बघितले आणि त्यांनाही सोडलं नाही. "चपला? हे भांडं पायावर पडलं असतं तर? आणि तोंडाच्या फडक्यानं पूड अडते, वाफ अडत नाही. खिडकी उघडी ठेवून काम करायचं." ताईंनी मान खाली घातली. मला, खरं सांगतो, एका डोळ्यानं का होईना, बरं वाटलं.

निकाल त्यांनी उभ्याउभ्याच दिला. साधनं सगळी नापास. पण इथं कुणी तरी वापरण्याआधी तपासून बघतं आणि लिहून ठेवतं. तेवढ्यावर प्रयोगशाळा चालू राहील. पंधरा दिवसांत नवी साधनं यायला हवीत आणि ती सरांनी नाही, ताईंनी निवडायची. शेठनं तिथंच मान डोलावली. "ताई, आते तू बारा महिना अठेच."

ताई बूट घेऊन खाली बसल्या आणि नाड्या बांधायला लागल्या.

पार्सल आलं तेव्हा माझा डोळा बरा झाला होता. ताईंनी एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. सुती एप्रन, त्यांच्या मापाचा. जाड मोजे, सोबत तसाच बारीक अक्षरांचा कागद, आणि तो कागद त्यांनी लगेच खिळ्यानं भिंतीवर ठोकला. बंद गॉगल, एकही भोक नसलेला. डोळे धुवायची बाटली नळाशेजारी, उघड्यावर. मी बराच वेळ वाट बघितली. खोकं रिकामं झालं.

"आणि माझ्या मापाचं काय मागवलं, ताई?"

"तुमच्यासाठी खुर्ची घेतलीय सर. दाराच्या बाहेर ठेवलीय. तिथं बसा आणि सही करायच्या आधी वाचत जा."