वादाला माणूस उरला नाही
संपादकांनी चित्रकथांच्या समीक्षेचं मासिक काढलं, तेव्हा त्यांच्या पुढच्या खोलीत लेखकांची भांडणं रंगत. एखाद्या चौकटीतली सावली बरोबर की चूक, यावरून माणसं हमरीतुमरीवर येत. पुढे कोणी वारलं, कोणी संसारात अडकलं, आणि लेख येईनासे झाले. मग संपादक टोपणनावाने स्वतःच लेख लिहू लागले आणि दुसऱ्या टोपणनावाने त्यांतल्या चुका काढू लागले. धाकटी बहीण मुद्रितं तपासायची. एकदा तिने विचारलं, "दादा, पुढच्या अंकात कोण कोणाशी भांडणार?"

"कोणीच नाही. दोघांचंही बोलणं आता मला पाठ झालंय."

तो अंक निघालाच नाही. मासिक का आलं नाही, हे विचारायलाही कोणी फिरकलं नाही. तरी कित्येक महिने जिन्यात पाऊल वाजलं, की संपादक घाईने सदरा चढवून खुर्चीत बसत.