उंदीरवाला डॉक्टर वाशीम जिल्ह्यात

माझ्या पेशी मेल्या म्हणून मी वाशीमला गेलो.

पेशी म्हणजे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी त्या काचेच्या बशीत वाढवतो आणि त्यांच्यावर औषधं टाकून काय होतं ते बघतो, कधी बशीत, कधी उंदरांत. माणसाच्या शरीरात या पेशी मरायचं नाव घेत नाहीत, माझ्या हातात मात्र पटापट मरतात. जानेवारीत इन्क्युबेटरमध्ये बुरशी शिरली आणि सगळ्या बशा फेकून द्याव्या लागल्या. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्याच संस्थेतली सुनेत्रा वाशीम जिल्ह्यात निघाली होती. ती खरी डॉक्टर, म्हणजे सर्जन. मी कागदी, म्हणजे पीएच.डी. खेड्यातल्या बायकांमध्ये हा आजार कशामुळे होतो, हा तिच्या अभ्यासाचा विषय. तिचा तंत्रज्ञ लग्नाला गेला होता, आणि लग्न त्याचं स्वतःचंच असल्यामुळे त्याला परत बोलावता येईना. रक्ताच्या नमुन्यांची बर्फपेटी सांभाळायला कुणीतरी हवं होतं.

"तुला काही करायचं नाहीये," सुनेत्रा म्हणाली. "पेटी धरायची आणि बर्फ बदलायचा."

इतकी वर्षं या आजारावर काम करूनही मी त्याचा एक रुग्ण जवळून पाहिलेला नव्हता. माझी ओळख थेट पेशींशी. पेशी बोलत नाहीत, रडत नाहीत आणि वेळेवर जेवायला घातलं की तक्रारही करत नाहीत. माणसांशी बोलायची वेळ आली की मी सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्यांवरच्या चित्रांचं सादरीकरण दाखवतो. तेही सोबत घेतलं.

पुण्याहून वाशीमला रात्रीच्या खासगी स्लीपर बस आहेत. शक्यतो खालचा बर्थ घ्या. मी वरचा घेतला आणि प्रत्येक गतिरोधकाला छताची ओळख करून घेतली. सकाळी बसस्थानकाजवळ तर्रीपोहे खाल्ले. पोह्यांवर लाल रस्सा ओततात, पुण्याच्या निम्म्या पैशात पोट भरतं आणि डोळेही भरून येतात. पोहेवाल्यानं विचारलं, "सांबार टाकू का वरून?" मी म्हणालो, "नको, इडलीवरच आवडतं." त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्याच्या प्लेटमध्ये कोथिंबीर टाकली. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सुनेत्रा प्रवासभर हे सगळ्यांना सांगत होती.

भाड्यानं ठरवलेली बोलेरो आणि तिचे मालक-चालक प्रल्हादभाऊ तिथेच भेटले. मेडशीचे, साठीचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, हसरे. मी पुढे त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी सीटबेल्ट पाठीमागून घेऊन नुसता खटक्यात अडकवला होता. मी पुणेकर, त्यामुळे गप्प बसणं शक्य नव्हतं.

"भाऊ, पट्टा छातीवरून घ्या. अपघातात काय होतं माहीत आहे ना?"

"रुतते जी," ते म्हणाले आणि गाडी सुरू केली.

मी त्यांना मंगरुळपीरपर्यंत सीटबेल्टचं भौतिकशास्त्र समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पट्टा होता तिथेच राहिला.

मानोऱ्याच्या अलीकडे एका तांड्यावर आमचा पहिला मुक्काम होता. रस्ता शेवटी कच्चा होतो, पण दोन्ही बाजूंना तूर उभी असते आणि जानेवारीत हवा छान असते. गाडी थांबली. निम्म्या घरांना कुलपं. ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या काकींना सुनेत्रानं विचारलं, तरुण बायका कुठे आहेत?

"आता आले का तुमी?" काकी म्हणाल्या. "समदे तं ऊस तोडाले गेले. होळीच्या येळी या."

आमच्या आराखड्यात आहार होता, बाळंतपणाचं वय होतं, अंगावर पाजणं होतं, शेतातली फवारणी होती. हिवाळ्यात अर्धा तांडा घर सोडून ऊसतोडीला जातो, हे मात्र पुण्यातल्या वातानुकूलित खोलीत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ज्या बायका घरी होत्या त्यांना सुनेत्रा आत तपासू लागली. मला अर्थातच बाहेर बसवलं. वीज नव्हती, म्हणून माझं सादरीकरण पिशवीतच राहिलं आणि मी तोंडी सुरू झालो. पेशीवर एक कुलूप असतं, संप्रेरक म्हणजे त्याची किल्ली, किल्ली लागली की पेशी वाढत सुटते. कुलुपाचे प्रकार सांगितले. किल्लीचे सांगितले. काकींनी बराच वेळ सहन केलं.

"औषध हाय का त्याचं?"

"आहे ना. कुलपात अडकून बसणारी एक गोळी आहे, मग खरी किल्ली लागत नाही."

"मंग थे आधी सांगाले पायजे होतं," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

झाडाखाली बसलेल्या एका आजोबांना माझ्या कामात जास्त रस होता. "उंदराले कॅन्सर देता म्हने तुमी?"

"हो. अभ्यासासाठी."

"अन् मंग बरा करता?"

"प्रयत्न करतो."

"मंग देता कायले?"

प्रल्हादभाऊ बोनेटला टेकून इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. त्या दिवसापासून मी उंदीरवाला डॉक्टर झालो.

दुसऱ्या दिवशी मेडशी. वाशीम-अकोला रस्त्यावरच आहे, एसटी भरपूर, गाडी नसली तरी अडत नाही. दुपारी प्रल्हादभाऊंनी घरी जेवायला नेलं. त्यांच्या पत्नी शांताबाईंनी पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, भाजी आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या, आणि आधी उकडलेल्या तुरीच्या शेंगा. त्या शेंगांसाठी हा प्रवास परत करीन. मुलगी प्रज्ञा मालेगावच्या शाळेत शिक्षिका. तिनं मला सरळ विचारलं, "सर, तुमी इलाज शोधून राह्यले की नुसताच अभ्यास करून राह्यले?" भाकरी तोंडात असल्यामुळे मला उत्तर द्यावं लागलं नाही.

जेवणानंतर समाजमंदिरात कार्यक्रम. इथे बायका भरपूर होत्या आणि वीजही होती. काचपट्ट्यांची गुलाबी-जांभळी चित्रं भिंतीवर झळकली. "साडीचं डिझाईन चांगलं हाय," मागून कुणीतरी म्हणालं. शेवटी एका बाईनं हसत विचारलं, "हा रोग मानसाले होत नाई का? समदं बायकाइच्याच नशिबात?"

मी खुश झालो. हा माझा आवडता प्रश्न आहे, पार्ट्यांमध्ये मी तो स्वतःहूनही काढतो. होतो, मी म्हणालो, क्वचित होतो, पण होतो. पुरुषाच्या छातीतही त्या ऊती थोड्या असतात, बायकांचं म्हणतात ते संप्रेरकही पुरुषाच्या अंगात थोडं असतंच. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी रंगात आलो होतो. दाराशी पाण्याचा जार घेऊन उभे असलेले प्रल्हादभाऊ हसत नव्हते, हे मला आत्ता लिहिताना दिसतंय. तेव्हा दिसलं नाही.

नंतर सुनेत्रा तपासणीला बसली आणि मी आणि प्रल्हादभाऊ मालेगावला बर्फ आणायला निघालो. गाव मागे पडल्यावर त्यांनी तुरीच्या एका वावराशेजारी गाडी उभी केली. मला वाटलं, लघवीला.

"डॉक्टर, मगाशी तुमी म्हनलं, मानसालेबी होते."

"हो, पण फार क्वचित."

"माह्या छातीत गाठ हाय."

त्यांनी शर्टाची बटणं काढली. डाव्या बाजूला स्तनाग्र आत ओढलं गेलं होतं, भोवतालची कातडी ताणलेली. "हात लावून पाहा," ते म्हणाले. या आजाराच्या असंख्य पेशी मी पाहिल्या असतील, पण माणसाच्या छातीतली गाठ कधी हाताला लागली नव्हती. सुपारीसारखी कडक. हलवली तर हलेना.

दोन दिवस मी त्यांच्या शेजारी बसून पट्ट्याबद्दल बडबडत होतो. तो कुठे रुततो, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"कधीपासून आहे?"

"यंदाची नाई, त्याच्या आदल्या दिवाळीपासून. स्टेअरिंग लागलं असन म्हनलं. हळद लावली, बाम लावला."

"घरी सांगितलं?"

"काय सांगू? बायकाचा रोग झाला म्हनून? लोक हासतीन." शर्टाची बटणं लावत ते म्हणाले, "माही मोठी बहीन यानंच गेली. चाळिशीतच. तिची गाठ म्या पाह्यली होती, म्हनून तं मले समजून राह्यलं होतं."

मला सांगण्यासारखं खूप काही होतं. बहिणीला आणि भावाला एकच आजार म्हणजे कोणत्या जनुकात बिघाड असू शकतो, त्याचं नाव, त्याचं काम. मी एवढंच म्हणालो, "भाऊ, मी खरा डॉक्टर नाही. खऱ्या डॉक्टरकडे चला." बर्फ राहिला. त्या दिवसाचे निम्मे नमुने खराब झाले.

सुनेत्रानं त्यांना समाजमंदिरातच तपासलं, काखेतही बघितलं, आणि म्हणाली, उद्या सकाळी अकोला. ते म्हणाले, तुमचं काम होऊ द्या, मग पाहू. ती म्हणाली, हेच काम आहे. आणि शांताबाईंना आज सांगा.

सकाळी प्रल्हादभाऊ गाडीची किल्ली घेऊन तयार होते. रात्री त्यांना झोप लागली नव्हती, हे डोळ्यांवरून दिसत होतं. शांताबाईंनी किल्ली त्यांच्या हातातून घेतली आणि माझ्या हातात दिली. "आज तुमी नाई," त्या नवऱ्याला म्हणाल्या. सुनेत्राला गाडी येत नाही. मी पुण्यात एक छोटी गाडी चालवतो, तिचे गिअर तीच बदलते. बोलेरो तशी नाही. पातूरच्या घाटात मी चुकीच्या गिअरमध्ये एका ट्रकला मागे टाकायला गेलो, तेव्हा शेजारच्या सीटवर दांडा धरून बसलेले प्रल्हादभाऊ शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, कॅन्सरनं मरीन तं मरीन, घाटात नोका मारू."

मागून शांताबाईंचं हसू ऐकू आलं, आणि मग रडू. सुनेत्रानं त्यांचा हात धरला.

"मले काय वाटे, माहीत हाय का डॉक्टरीनबाई," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं, हा मानूस अंगाले हात लावू देत नाई. तिकडे तोंड करून झोपते. मले वाटे, याचं मन दुसरीकडे लागलं. म्या कोनाकोनावर संशय घेतला. बसस्टँडवरच्या चहावालीवर घेतला."

"ती म्हातारी?" प्रल्हादभाऊ मागे वळले.

"मंग काय करू? तुमी सांगलं असतं तं कायले घेतला असता?"

त्यानंतर पातूर येईपर्यंत शांताबाईंनी मागून हात पुढे घालून त्यांच्या खांद्यावर ठेवला होता, आणि तो त्यांनी राहू दिला.

अकोल्याच्या इस्पितळात खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "पेशंट कोठी हाय? बाईले पुढे करा." प्रल्हादभाऊ म्हणाले, "मीच हाय." तपासणीच्या खोलीबाहेर नुसत्या बायका बाकांवर बसल्या होत्या आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई बाकावर सरकली. "बसा भाऊ," ती म्हणाली. "इथं समदे सारखेच." ते बसले. थोड्या वेळानं पाहिलं तर दोघं एसटीच्या जुन्या गाड्यांबद्दल बोलत होते.

सुईनं गाठीचा तुकडा काढला. अहवालाला वेळ लागणार होता. आम्ही दुसऱ्या दिवशी पुण्याला परतलो.

अहवाल आला तो कर्करोगाचाच. काखेतल्या एकाच गाठीपर्यंत पोचलेला, म्हणजे उशीर झाला होता पण फार नाही. शस्त्रक्रिया झाली, किरणं झाली, आणि आता पुढची काही वर्षं रोज एक गोळी. कुलुपात अडकून बसणारी. त्या गोळीला पेशी कशा दाद देत नाहीत यावर मी निबंध लिहीत आलोय. हल्ली ती कशी लागू पडते, याचाही विचार करतो. आमच्या अभ्यासात आता घरातल्या पुरुषांनाही विचारतात, आणि तांड्यांवर होळीनंतर जातात.

तुम्ही जाणार असाल तर जानेवारीतच जा, तुरीच्या शेंगा चुकवू नका. आणि पुरुषहो, आंघोळ करताना एकदा छातीवरून हात फिरवून बघा. लाजू नका, तिथे कुणी पाहत नाही.

पावसाळा संपता संपता प्रल्हादभाऊ आणि प्रज्ञा पुण्याला आले. तपासणीत त्यांच्या जनुकात तोच बिघाड निघाला होता, ज्याचा मला वावराशेजारी संशय आला होता, म्हणून प्रज्ञानंही रक्त दिलं होतं. तिचा निकाल सुनेत्रानं माझ्याच खोलीत सांगितला. बिघाड तिच्यातही उतरला होता. याचा अर्थ आजार झाला असा नाही, सुनेत्रा म्हणाली, याचा अर्थ लक्ष ठेवायचं. दरवर्षी तपासणी, आणि पुढचे पर्याय सावकाश ठरवू.

हा आजार आईकडूनच येतो असं बरेच जण समजतात, बापाकडूनही तितकाच येऊ शकतो, हे समजावणारं एक सुंदर चित्र माझ्याकडे आहे. ते काढायला मी उठलो, आणि प्रल्हादभाऊंचा चेहरा पाहून परत बसलो.

"माह्याकडून गेलं तुह्यात," ते मुलीला म्हणाले. "माफ कर वं बाई."

प्रज्ञानं डोळे पुसले. मग बापाकडे नीट पाहिलं.

"बाबा, हे एवढं मोठं नाकबी तुमच्याकडूनच आलं," ती म्हणाली. "त्याची तं कधी माफी मागली नाई तुमी."

प्रल्हादभाऊंनी नकळत हात नाकाला लावला. सुनेत्रा कागदांमध्ये तोंड घालून हसत होती. मी त्या दोघांची नाकं पाहिली. प्रज्ञाचं खरं होतं.