साडेपाच कोयते

पाथर्डीच्या पूर्वेला एका गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि मुलं आजीआजोबांकडे मागे राहतात. वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यावर मी नगरहून तिथे जाऊन तिसरीच्या मुलांना शाब्दिक उदाहरणं शिकवत असे. मुलांना वजाबाकी येत होती. ती कुठे करायची ते कळत नव्हतं. पुस्तकात फुगे फुटत होते. त्याऐवजी मी त्यांच्या घरातली वस्तू घेतली आणि फळ्यावर लिहिलं : एका टोळीत सहा कोयते होते. त्यातला एक मोडला. किती उरले?

"मोडला म्हंजी? नवरा पळाला का बायको?" मागून एकाने विचारलं. वर्ग हसला.

तोडणीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. लिहिताना मी कोयता म्हणजे हत्यारच धरलं होतं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "साडेपाच."

वर्गाचे गुरुजी दारात उभे होते. अर्धा कोयता त्यांनाही ठाऊक होता. "गणितात उसाचा फड आणायचा नाही," ते म्हणाले. "सहातून एक गेला. किती?"

"साडेपाच."

त्यांनी तिला हात पुढे करायला लावला. छडी दोनदा तळहातावर बसली, तिसऱ्यांदा मनगटावर. वळ उठले. तिने हात मागे घेतला नाही.

साडेपाच का, असं मी विचारलं.

"आमचाच मोडलाय," ती म्हणाली. "पप्पांनी आईचा हात मोडला, सोनईच्या फडात. मोळीवर ठिवला अन् वरून लाथ घातली. आई घरी आली. पप्पा तिकडंच हायेत, अर्धे." मग फळ्याकडे बघत म्हणाली, "मुकादम म्हनला, अर्धा कोयता ठिवीत न्हाई. पप्पा मला न्यायला येनारेत."

"तुला जायचंय?"

"न्हाई."

गुरुजींनी छडी टेबलावर ठेवली.

बाप पुढच्याच आठवड्यात आला. मुलं व्हरांड्यात खिचडी खात होती. त्याच्या हातात कोयता होता. मुलीची वेणी मनगटाला गुंडाळून त्याने तिला पायरीवरून खाली ओढलं. ताटली फरशीवर आपटली. तिचा गुडघा सोलला.

"तिसरीतली पोर आहे ती," गुरुजी आडवे आले. "मोळी उचलेल का तिला?"

"उसाच्या शेंड्याचं वाढं गोळा करील. तुमी खिचडी वाढा, गुर्जी. माझा कोयता मला पुरा करू द्या."

पाठोपाठ आई पळत आली. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. तिने तोच हात त्याच्या तोंडावर मारला. त्याचा ओठ फाटला. त्याने तिच्या पोटात लाथ घातली. ती भिंतीवर आदळून खाली बसली. गुरुजींनी छडी त्याच्या वेणी धरलेल्या मनगटावर घातली, लागोपाठ, पकड सुटेपर्यंत. मग बापाने कोयता उलटा धरून त्याची बोथट बाजू गुरुजींच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत आला. गावातल्या लोकांनी त्याला पाडलं आणि तो निपचित होईपर्यंत तुडवलं. कोणीतरी पंपाच्या दोरीने त्याचे हात बांधले.

पोलीस त्याला घेऊन गेले. आईने जबाब दिला : फडातलाही, व्हरांड्यातलाही. नातेवाईक समजुतीला आले तेव्हा तिने दार उघडलं नाही. टोळी त्यांच्या जागी नवी जोडी न घेताच पुढच्या फडावर गेली.

खांद्याला पट्टा बांधून गुरुजी शाळेत आले, तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून मी तेच उदाहरण पुन्हा फळ्यावर लिहिलं. मुलगी पुढच्या रांगेत तिच्या जागेवर होती.

"सांग गं," गुरुजी म्हणाले. "साडेपाचच ना?"

तिने बोटं मोजली. टेबलावर छडी नव्हती, तरी तिने आधी तिथे पाहिलं.

"पाच."

"भिऊ नको. साडेपाच म्हणालीस तरी चालेल."

"न्हाई गुर्जी. तवा अर्धा राहिला हुता. आता पुरा मोडला."

गुरुजींनी डाव्या हाताने खडू घेतला आणि वाकड्या अक्षरात पाच लिहिले.